लुटुपुटीच्या लढाया, खऱ्याखुऱ्या हातांनी

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगवर काही वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात प्लास्टिकच्या विमानाचं किट द्यावं आणि गंमत पाहावी. खोक्यावरचं चित्र तो बाजूला ठेवतो. आतल्या चौकटींना लगडलेल्या सुट्या भागांकडे पाहताना त्याला आधी रनर दिसतो, भाग रनरला चिकटलेला असतो तिथलं गेट दिसतं. मग पंख उलटा करून तो इजेक्टर पिनच्या गोल खुणा शोधतो, कडेवरून नख फिरवून फ्लॅश, म्हणजे जोडातून निसटलेलं जादा प्लास्टिक, आलाय का ते बघतो. विमान कुठलं, कुठल्या युद्धातलं, हे त्याला अजून ठाऊक नसतं, पण साचा कसा आहे यावर त्याचं मत तयार झालेलं असतं. लंडन-टोकियोतले मॉडेलवाले तासन्‌तास कुरकुरतात ते याच गोष्टींवर. साच्याच्या जोडाची पार्टिंग लाइन उठून दिसते, पिनची खूण नेमकी दर्शनी भागावर पडलीय, गेट चुकीच्या जागी ठेवलंय.

म्हणजे या छंदाची अर्धी भाषा चिकलठाण्याच्या शॉपफ्लोअरवर रोज बोलली जाते. इंडो-जर्मन टूल रूम इथलीच, सिपेटही इथलीच. साचे कातायला आणि प्लास्टिक ओतायला शिकवणाऱ्या या संस्थांतून निघालेली पोरं देशभर पसरली आहेत. तरीही शिफ्ट संपल्यावर घरच्या टेबलावर दिवा ओढून पाच सेंटिमीटरच्या सैनिकाच्या डोळ्यात रंगाचा ठिपका भरणारा माणूस या वसाहतीत मला तरी क्वचितच भेटला. हात आहेत, हत्यारं आहेत, इतिहासाचं वेड तर गरजेपेक्षा जास्तच आहे. मग अडतं कुठे, हा या आढाव्याचा प्रश्न.

जगभरात या छंदाच्या तीन शाखा मानतात. एक, मॉडेल बनवणं: विमानं, रणगाडे, जहाजं, रेल्वे, इमारती. दुसरी, छोट्या सैनिकांच्या फौजा रंगवून टेबलावर नियमांनी लढाई खेळणं. तिसरी, जुन्या काळाचे कपडे नि शस्त्रं अंगावर घेऊन तो काळ काही तास जगून पाहणं. माणसं तिन्हींत सारखी ये-जा करतात. टेबलावर लढणाऱ्याला गणवेशाच्या शिवणीची उत्सुकता लागते, शिवण शिकलेल्याला ढालीचं वजन जाणून घ्यायचं असतं. आपल्याकडे या तिन्हींची मुळं आहेत आणि काही तर चांगली खोलवर गेलेली आहेत. पण ती जवळजवळ सगळी सणाला बांधलेली आहेत. माझ्या मते गोम तिथेच आहे. त्यातून काय मिळतं आणि काय हातचं जातं, ते एकेक पाहू.

सगळ्यात मोठं मूळ दिवाळीच्या किल्ल्याचं. सहामाही परीक्षा संपली की मुलं विटा, दगड, पोती गोळा करतात, माती चाळतात, चिखल तुडवतात. पोत्यावर चिखलाचा हात फिरवून डोंगर उभा राहतो. त्यावर अळीव, मोहरी किंवा गहू पेरले की चार-पाच दिवसांत हिरवळ. कुंभाराकडून आणलेली चित्रं मग जागोजाग बसतात: सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी गवळण, शेतकरी, गुहेत वाघ. पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीकडे ही प्रथा मुरलेली आहे, आणि बेळगावात तर मिशा फुटलेली पोरं अंगणभर किल्ले उभारतात. परदेशातली मराठी घरं पुठ्ठ्याची खोकी नि रंगाचे डबे घेऊन गॅरेजमध्ये तेच करतात. मराठवाड्यात तिचा जोर त्यामानाने कमी आणि किल्ला केला तरी तो रायगड, प्रतापगड किंवा सिंहगडच. घराजवळचा देवगिरी करायला कुणी धजत नाही.

धजत नाही याचं कारण देवगिरी अवघड आहे, आणि तो का अवघड आहे हे हात चिखलात घातल्याशिवाय कळत नाही. सह्याद्रीतला गड उताराचा असतो. चिखल आपल्या वजनाने जसा बसतो तसा त्याचा उतार. देवगिरीचा खालचा कडा मात्र माणसाने तासलेला, सुमारे पन्नास मीटर सरळसोट. ओला चिखल असा उभा राहतच नाही, रात्रीत घसरतो. म्हणजे आत विटांचं कडं रचा, किंवा थर्मोकोल कापून बाहेरून लिंपा. मग खंदक. त्यात पाणी धरायचं तर खाली प्लास्टिकचा कागद हवा. मग अंधारी. डोंगराच्या पोटातून वर जाणारा तो काळोखा, वळणाचा मार्ग किल्ल्यात करायचा तर आधी पोकळी ठेवून बाहेरून डोंगर चढवावा लागतो. वळण कुठे आहे, तोंड कुठे उघडतं, वरून निखारे टाकायची जागा कुठे होती, हे प्रश्न तेव्हा पडतात. सहलीत देवगिरी चढून आलेल्याला हे प्रश्न पडलेले मी पाहिलेले नाहीत. त्याला दम लागल्याचं आठवतं, माकडं आठवतात.

प्रमाणाचाही हिशेब करून पाहा. कुंभाराकडचा मावळा साधारण तीन इंची. माणसाची उंची पावणेदोन मीटर धरली तर प्रमाण जेमतेम एकास बावीस-तेवीस. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे दोनशे मीटर. त्या मावळ्याला शोभेल असा देवगिरी करायचा तर तो नऊ मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढा होईल. मॉडेलवाल्यांचं लाडकं १/७२ प्रमाण घेतलं, ज्यात माणूस एक इंचाचा होतो, तरी डोंगर पावणेतीन मीटरचा. पण सहा मिलिमीटरचे सैनिक घेतले, म्हणजे साधारण १/३००, तर डोंगर सदुसष्ट सेंटिमीटरवर येतो. अंगणात मावतो, टेबलावरही मावतो. आपल्या परंपरेने हा हिशेब कधी केला नाही, कारण तिला त्याची गरज नव्हती. तिथे महाराज दरवाजापेक्षा मोठे असतात आणि ते तसेच असायला हवेत, कारण तो किल्ला एका अर्थी मखर आहे. मला या मखराचं वाईट वाटत नाही. पण मखरापाशी थांबलं की दरवाजातून हत्ती कसा आत जात असेल हा प्रश्न पडायचा राहून जातो, आणि खरी मजा त्या प्रश्नात आहे.

दुसरी गोष्ट, किल्ला मोडतो. तुळशीच्या लग्नापर्यंत राहिला तर फार. पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात, पुन्हा तोच चिखल, आणि दोन-तीन वर्षांत करणारा पोरगा दहावीला जातो. हाताला आलेलं कौशल्य दुसऱ्या हातात जायच्या आधीच संपतं. उलट बाजूही सांगायला हवी. मोडायचाच असतो म्हणून तो गल्लीचा असतो, त्याला कुणी काचेच्या कपाटात ठेवत नाही, शेजारचं पोर त्यात हात घालू शकतं. इंग्लंड-अमेरिकेतला मॉडेलवाला बहुधा एकटा बसतो. त्याच्याकडे कपाट भरतं, गल्ली नसते.

हाच धागा बायकांच्या बाजूने पाहिला तर वेगळंच दिसतं. मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा त्यांच्यापुढची आरास पाहावी. शेत, विहीर, मोट, बाजार, लग्नाची वरात, रेल्वेगाडी, भातुकलीची इवली भांडी. पुरुष ज्या वयात किल्ला सोडून देतात त्या वयात बायका हे छोटं जग मांडायला लागतात आणि सत्तरीपर्यंत मांडतात. शिवाय आरास मोडत नाहीत, डब्यात भरून माळ्यावर ठेवतात, दरवर्षी तिच्यात भर पडते. मॉडेलवाल्यांच्या भाषेत हाच डायोरामा. आपल्याकडे प्रौढांनी वर्षानुवर्षं जपलेला असा संग्रह कुठे असेल तर तो बहुधा एखाद्या सासूबाईंच्या ट्रंकेत, आणि त्याला छंद म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

आता किटची गोष्ट. प्लास्टिकच्या किटचा जन्मही कारखान्याच्या पोटातलाच. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल केलं ते ट्रॅक्टर विकणाऱ्या माणसांना दाखवायला म्हणून. पुढे ते सुट्या भागांत विकायला लागले आणि त्यातून एक उद्योगच उभा राहिला. जपानची तामिया ही आधी लाकडाची वखार, १९४६ ची. मग लाकडी मॉडेल्स, मग प्लास्टिक. शिझुओकाला आज मॉडेलवाल्यांची पंढरी मानतात.

भारतात हे किट महाग पडतं, आणि त्याला कारण आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्रही लागू झालं. स्वस्त, धोकादायक खेळणी थोपवणं हा हेतू रास्तच, पण त्याच जाळ्यात चाळिशीतल्या माणसाचा १/३५ प्रमाणातला रणगाडाही अडकला. बाहेर जे दिवाळीच्या भेटीच्या किमतीत मिळतं ते इथे हप्त्याने घ्यायची वेळ येते. देशी खेळणीवाल्यांना याचा फायदा झाला खरा, पण ते गाड्या, बाहुल्या नि ठोकळे करतात. मराठा घोडेस्वाराचं १/७२ किट काढण्याच्या फंदात कुणी पडत नाही. एका साच्याचा खर्च निघायला हजारो नग खपावे लागतात, आणि तेवढं गिऱ्हाईक दिसत नाही.

चिकलठाण्यासारख्या ठिकाणी गेल्या काही वर्षांत एक फट मात्र पडली आहे, ती रेझिन प्रिंटरची. साचाच नको. संगणकावर आकृती घडवायची, यंत्र प्रकाशाने रेझिन थरावर थर कडक करत नेतं, एकेक थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. एक नग काढला काय नि वीस काढले काय, साच्याचा खर्च शून्य. त्रास वेगळा आहे. कच्चं रेझिन कातडीला झोंबतं, हातमोजे लागतात, वास येतो म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागते, नग अल्कोहोलमध्ये धुवावा लागतो. घरातलं माणूस कुरकुर करतं आणि त्याचं बरोबर असतं. पण ज्याचा दिवस कॅडवर साचे आखण्यात जातो त्याला देवगिरीवरची मेंढा तोफ किंवा तिथला चाँद मिनार संगणकावर उभा करणं किती जड जावं? तोफेच्या मागचं मेंढ्याचं डोकं तेवढं वेळ खाईल.

सणाला न बांधलेलं मॉडेलही आपल्याकडे आहे: पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. भाऊसाहेब जोशी यांनी हौसेने जमवलेल्या, घडवलेल्या गाड्या, सिग्नल, पूल, सर्कस, महामार्ग, सगळं एका मोठ्या टेबलावर, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. किल्ल्याहून हे वेगळं ठरतं ते एका साध्या गोष्टीने: इथे टेबल कायमचं आहे. आज बसवलेला रूळ उद्या तिथेच असतो, म्हणून परवा त्याला सिग्नल जोडता येतो. चिकलठाण्यात हीच हौस रिमोटच्या विमानांवर भागवावी म्हटलं तर डोक्यावर विमानतळ. धावपट्टीलगतचं आकाश परवानगीशिवाय ड्रोनला नि रिमोटच्या विमानाला बंद. राहिलं ते टेबलावर उभं राहणारं, न उडणारं विमान.

तिसऱ्या शाखेकडे, म्हणजे काळ अंगावर घेण्याकडे, वळलं की आपण एकदम श्रीमंत दिसायला लागतो. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला लोटणारी गर्दी, शिवजयंतीच्या मिरवणुकीत क्रांती चौकाकडे निघालेले मावळे, घोड्यावर बसलेल्या छोट्या जिजाऊ. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'जाणता राजा'त दोनशेहून जास्त कलाकार नि खरे घोडे, हत्ती. आणि या सगळ्यांत अस्सल म्हणावा असा कोल्हापूरचा मर्दानी खेळ. लाठी, बोथाटी, विटा, फरीगदगा, दांडपट्टा. तालमीत वस्ताद शिकवतो, तो त्याच्या वस्तादाकडून शिकलेला.

या शेवटच्या गोष्टीची किंमत बाहेर पाहिल्यावर कळते. युरोपात मध्ययुगीन तलवारबाजीची परंपरा तुटली. आज जे लोक ती शिकतात ते चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितांतली चित्रं समोर ठेवून, पाय कुठे, मनगट कसं, याचा तर्क करत शिकतात. फियोरे नावाच्या इटालियन उस्तादाची पोथी १४१० च्या आसपासची. तिच्या एकेका चित्रावरून तिथे वर्षानुवर्षं वाद चालतात. आपल्याकडे दांडपट्टा कसा फिरवायचा हे पोथीतून शोधावं लागत नाही. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंतचं लोखंडी हस्तत्राण, आत आडवी पकड. मनगट वळतच नाही, म्हणून वार खांद्यातून नि कमरेच्या गिरकीतून येतो. हे ज्ञान देहातून देहात आलेलं आहे. २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. आता हा खेळ शिकणाऱ्या मुलींची संख्याही डोळ्यांत भरावी इतकी आहे.

पण याच ठिकाणी आपलं दुबळेपण दिसतं. खेळ अस्सल, अंगावरचे कपडे ड्रेपरीवाल्याकडचे. साटीनचा अंगरखा, सोनेरी पुठ्ठ्याची किनार, प्लास्टिकची मोत्याची माळ. इंग्लंडमध्ये १९६८ साली ब्रिगेडियर पीटर यंग यांनी 'सील्ड नॉट' ही संस्था काढली. सतराव्या शतकातल्या इंग्रजी यादवीच्या लढाया ते मैदानावर पुन्हा उभ्या करतात. अमेरिकेत बर्कलीच्या एका घराच्या परसात १९६६ मध्ये मित्रमंडळींचा मध्ययुगीन थाटाचा एक मेळावा झाला आणि त्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम' उभी राहिली. अशा मंडळींत कुणी दोरा कुठला वापरला, कापड हातमागाचं की यंत्राचं, जोड्याचा तळ शिवलेला की चिकटवलेला, यावरून मान ठरतो. कधीकधी ते हास्यास्पदही होतं, बटणावरून मैत्री तुटते. तरी त्या हट्टापायी कुणीतरी सूत रंगवायला शिकतं, कुणी कातडं कमवायला. हिमरू विणणारे ज्या शहरात अजून आहेत आणि पैठण ज्याच्या शेजारी आहे, तिथल्या मावळ्याने भाड्याचं साटीन घालावं याचं मला वैषम्य वाटतं. खरा मावळा अर्थात हिमरू घालत नव्हताच. जाडाभरडा पंचा, मुंडासं, खांद्यावर घोंगडी. ते तर साटीनपेक्षा स्वस्त पडेल.

शस्त्रांचा प्रश्न कायद्याचाही आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद धारदार पात्याला शस्त्राच्या गटात धरतात. म्हणून आखाड्यात बोथट पाती वापरतात. ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपल्या शहरातही येऊन गेल्या आहेत. त्या मागवणाऱ्यांना छंद होता असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण त्यामुळे खरोखरच्या छंदवाल्याकडेही संशयाने पाहिलं जातं.

याहून अवघड एक गोष्ट आहे. मैदानावर लढाई उभी करायला दुसरी बाजू लागते. इंग्रजी यादवीत राजाचे लोक नि संसदेचे लोक, दोन्हीकडे हौशी मिळतात, पुढच्या रविवारी कपडे बदलून तेच उलट बाजूने लढतात. आमच्या शहरात मोगलांच्या बाजूने कोण उभा राहील? ज्या गावाचं नाव, ज्या गावाजवळची कबर, अजून रोजच्या राजकारणाचा विषय आहे, तिथे हा प्रश्न हौसेचा राहत नाही. म्हणून आपल्याकडे राज्याभिषेक होतो, मिरवणूक होते, प्रात्यक्षिक होतं. समोरासमोरची लढाई, जिच्यात कोण जिंकेल हे आधी ठरलेलं नाही, ती होत नाही. एकट्याने हवेत फिरवलेला पट्टा आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगावर ठेवून उडवलेलं लिंबू, इथे आपण थांबतो.

आणि म्हणूनच टेबलावरची लढाई ही शाखा आपल्याकडे जवळजवळ नाहीच. नाही म्हणताना जपून म्हणायला हवं. लेण्यांच्या पायऱ्यांवर आणि किल्ल्यांच्या ओट्यांवर वाघबकरीचे पट कोरलेले सापडतात. थोड्या बलाढ्य वाघांविरुद्ध पुष्कळ दुबळ्या बकऱ्या, दोन्ही बाजूंचे नियम वेगळे, जिंकायची रीत वेगळी. आजच्या परिभाषेत ही विषम लढाईच, आणि गनिमी काव्याच्या मुलुखात तिचा पट दगडावर कोरलेला असावा हे शोभून दिसतं.

युरोपात हा खेळ सैन्यातून आला. प्रशियाच्या राइसविट्झ बापलेकांनी नकाशावर ठोकळे सरकवून लढाई खेळायची रीत बसवली. मुलाने १८२४ मध्ये नियम छापले आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणात ती रुळली. सामान्य घरात ती आणली एच. जी. वेल्स यांनी. १९१३ च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात त्यांनी शिशाचे सैनिक आणि स्प्रिंगची खेळण्यातली तोफ घेऊन जमिनीवर लढायचे नियम दिले. वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं. खऱ्या लढाईपेक्षा ही छोटी लढाई किती बरी, हे त्या पुस्तकाचं म्हणणं होतं. पुढे १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 'वॉर गेम्स'ने या हौसेला पुन्हा उठाव दिला. १९७५ मध्ये लंडनला गेम्स वर्कशॉप निघालं, १९८३ मध्ये त्यांचा 'वॉरहॅमर' आला, आणि २०२४ च्या अखेरीस ही छोटे सैनिक विकणारी कंपनी लंडनच्या शेअर बाजारात पहिल्या शंभरांत जाऊन बसली.

खेळ चालतो तो असा. समोर टेबल, त्यावर डोंगर, गाव, नदी. प्रत्येक पलटण एका वेळी किती इंच सरकेल हे ठरलेलं, फीत लावून मोजायचं. गोळीबाराला फासे. नुकसान झालं की पलटणीच्या धीराची परीक्षा, तीही फाशांवर: टिकली तर टिकली, नाहीतर मागे. एक लढाई सहज एक दुपार खाते. त्याआधी दोनशे सैनिक रंगवण्यात गेलेली वर्षं वेगळी. या छंदातले बरेच लोक कबूल करतात की खेळण्यापेक्षा रंगवण्यातच त्यांचं आयुष्य जातं.

आपण लढाया तोंडाने खेळतो. पानिपत मराठी माणसाइतकं कट्ट्यावर कुणीच लढलं नसेल. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर, होळकर थांबले असते तर. या 'तर'ला टेबलावर फार लवकर घाम फुटतो. नियम विचारतात: फौजेबरोबर यात्रेकरू नि बायकामुलं किती, त्यांना रोज धान्य किती लागतं, यमुनेपलीकडून रसद तुटली तो दिवस कुठला? १४ जानेवारी १७६१ ची सकाळ उजाडायच्या आधीच पुष्कळसा निकाल धान्याच्या हिशेबाने लागलेला असतो. इतिहासकार शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' वाचून जे कळतं त्यातलं बरंच टेबलावर हाताला लागतं, आणि शिवाय अब्दालीच्या बाजूला कुणाला तरी बसावंच लागतं. त्याला प्रामाणिकपणे जिंकायचा प्रयत्न करावा लागतो. हे एकदा केलं की अब्दालीविषयीचं मत बदलेलच असं नाही, पण त्याच्या अडचणी दिसतात.

इथल्या मातीत तर अशा लढायांची उणीव नाही. हे शहर खडकी म्हणून १६१० मध्ये वसवणाऱ्या मलिक अंबरने १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीचा चिखल केला. शहाजीराजे त्या लढाईत होते. १७९५ ची खर्ड्याची लढाई जामखेडजवळ. पण जगभरच्या टेबलांवर सगळ्यात जास्त खेळली जाणारी आपली लढाई कुठली म्हणाल तर असईची. चिकलठाण्यावरून जाणारा जालना रस्ता धरावा, पुढे भोकरदन-जाफराबादच्या बाजूला वळावं, तिथे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मध्ये असई. २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या वॉटर्लूच्या वेलिंग्टनने, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेवर इथे हल्ला केला. पुढे आयुष्यभर तो हीच आपली सर्वांत चांगली लढाई मानत राहिला, असं सांगतात. बर्नार्ड कॉर्नवेलच्या एका कादंबरीने तिला नवे चाहते मिळवून दिले. ब्रिटनमध्ये मराठा पायदळाच्या नि घोडदळाच्या धातूच्या आकृत्या विकत मिळतात, आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या डगल्यांचा नेमका रंग कोणता यावर तिथली माणसं चिकाटीने भांडतात.

लढाई आहेच टेबलासाठी घडल्यासारखी. वेलस्लीचा बेत दुसऱ्या दिवशी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेसह एकत्र हल्ला करण्याचा. शत्रू अपेक्षेपेक्षा जवळ सापडला, आणि वेलस्लीने थांबायचं नाकारलं. त्याच्याकडे प्रत्यक्ष झुंजीत उतरलेली कवायती फौज साडेचार हजारांच्या आसपास. समोर पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या घरात तोफा आणि मागे अफाट घोडदळ. वाटाडे म्हणाले, केळणेला इथे उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड दिसली. दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे मध्ये पायवाट असणारच, हा त्याचा तर्क. उतार निघाला. पोलमनने मग आपली अख्खी रांग काटकोनात फिरवून त्याच्यासमोर आणली. भरवशाची कवायत असल्याशिवाय ते होत नाही, आणि वेलस्लीलाही त्याचा अचंबा वाटला. त्याची ७४ वी स्कॉटिश पलटण असई गावाच्या फार जवळ भरकटली आणि तोफांखाली चिरडली गेली. मराठा गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि मागून तोफा डागल्या. शेवटी वेलस्ली जिंकला, ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली.

आता हे टेबलावर मांडताना नियम लिहिणारा एका जागी अडखळतो: ते अफाट घोडदळ. ते लढाईत मनापासून उतरलंच नाही. मग नियमात त्याला काय म्हणायचं? फासा पडला तरच हलेल असं? की सरदार सोडून गेले म्हणून धीर कमी? शिंदे आणि भोसले स्वतः रणांगणावर थांबले नव्हते. शिंद्यांच्या नोकरीतले कितीतरी इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर आधीच निघून गेले होते. तोफा एका हाती, घोडदळ दुसऱ्याच्या, आणि दोघांना एक हुकूम देणारा कुणी नाही. असईचे जे नियम बाहेर फिरतात ते मुख्यतः वेलस्लीच्या पत्रांवर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींवर बेतलेले असतात, आणि घोडदळाचा नियम त्यांत बहुधा एका ओळीत उरकलेला असतो. मोडी कागद वाचता येणारा कुणी बसला तर ती ओळ पानभर होईल.

त्यासाठी आयात केलेली फौजही लागत नाही. प्रशियाच्या अधिकाऱ्यांनी ठोकळ्यांवर भागवलं. सहा फूट बाय चार फुटांचं प्लायवूड, पोलमनच्या पलटणींना एका रंगाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, वेलस्लीच्या पलटणींना दुसऱ्या, केळणा आणि जुईला निळा दोरा, पिंपळगाव-वरूडला काड्यापेटीची खोकी. दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दहा हजारांची रांग काटकोनात फिरवायला जागा पुरते की नाही, यावर पहिल्या तासातच दोघांचं भांडण लागतं.